फ्लूची लस टोचून घेतल्याबाबत

लिहून देणार लिंबाजी सटवाजी, वय चौऱ्याहत्तर, इयत्ता चौथी उत्तीर्ण, राहणार मुडबी, हल्ली मुक्काम थोरल्या मुलाकडे, नौबाद. पत्नी सौ. बाणूबाईस अनेक आशीर्वाद.

माझी प्रकृती उत्तम आहे. माझ्यासारख्या हृदयविकार असलेल्यांनी फ्लूची लस घ्यावी, असे डॉक्टरीणबाईंनी सांगितले. फ्लूने रक्तवाहिन्यांत सूज वाढते व दुखावलेल्या हृदयावर ताण येतो. लसीची सूज किंचित असून ती एक-दोन दिवसांत उतरते. आपली मेंढरेही टोचल्यावर दिवसभर नीट चरत नाहीत, तसेच. म्हणून आज दवाखान्यात जाऊन टोचून घेतली.

मुलगा व सून कामावर गेली होती. सिस्टरने विचारले, "आजोबा, सोबत कोण हाय?"

मी म्हणालो, "घरधनीण बाहीर बसलीय."

"मग आजीला कामून उन्हात बसवलाव? आत बोलवा की!"

मी उठलो नाही.

माझा शब्द आजवर खोटा ठरलेला नाही. सोमवारी पुन्हा तिथेच तपासणी आहे. तुझा गुडघा कसा आहे? बरा असल्यास मेंढरे धाकट्याकडे सोपवून रविवारच्या बसने यावेस.

समक्ष हजर साक्षीदार: सदर सिस्टर, व शेजारी बसलेले महादेवप्पा. दाराबाहेरचा रिकामा बाक महादेवप्पांनी पाहिला होता. त्यांनी आपला अर्धा चहा मला दिला.