सोमवारची गोळी

बाबा, डॉक्टरांचं अक्षर आता कुणालाच लावावं लागत नाही. कोपरच्या आपल्या मेडिकलच्या दुकानात चिठ्ठी उजेडाकडे धरून तुम्ही डोळे बारीक करायचात, तो काळ गेला. तुमच्या शेवटच्या आजारपणात पहिली छापील चिठ्ठी घरात आली, ती तुम्ही दोनदा वाचलीत आणि मला म्हणालात, "चला, सुटलात तुम्ही पोरं." मलाही तसंच वाटलं होतं.

कॉलेजात असताना एकदा अक्षर लागेना म्हणून मी एका बाईंना अंदाजाने गोळ्या दिल्या. ते कळताच तुम्ही डबा तसाच टाकून उष्ट्या हाताने त्या बाईंच्या मागे स्टेशनच्या पुलापर्यंत धावलात. परत येऊन गिऱ्हाइकांसमोर झापलंत. "अंदाजपंचे दाहोदरसे द्यायला हे काय शेंगदाणे आहेत? कळत नाही तर फोन उचल. डॉक्टर काय खातो का?" दोन दिवस मी तुमच्याशी बोलले नव्हते. सांधेदुखीची ती आठवड्यातून एकदाच घ्यायची गोळी असली, की तुम्ही पाकिटावर लाल पेनने 'सोमवार' लिहून पेशंटकडून वदवून घ्यायचात.

"कधी घ्यायची, आजी?"

"शंकराच्या वारी."

"आणि मंगळवारी?"

"नाय नाय, मंगळवारी नाय!"

मगच पाकीट हातातून सोडायचात.

आता मी ठाण्याच्या एका हॉस्पिटलात औषधं देते. डॉक्टर कॉम्प्युटरवर औषध निवडतात, ते माझ्या स्क्रीनवर येतं. मागे टिटवाळ्याच्या एका आजींना तीच गोळी आली आणि पुढे 'रोज'. हा 'रोज' तिथे आपोआप पडतो, तो बदलायचा राहून गेला होता. स्क्रीनवर इशाऱ्याची लाल चौकट उघडली. पण ती दिवसातून शंभरदा उघडते, साध्या खोकल्याच्या औषधालाही. सगळेच 'पाहिले' दाबून पुढे जातात. मीही दाबलं. दहा-बारा दिवसांत आजी तोंडभर फोड घेऊन परत आल्या, पाणीसुद्धा गिळवत नव्हतं. मग गेल्याच. त्यांचा मुलगा रिकामं पाकीट घेऊन माझ्या खिडकीशी आला. "मॅडम, आईने एकपण गोळी चुकवली नाय हो," म्हणाला.

चौकशी झाली, दोष सिस्टीमचा ठरला. मला कुणी ओरडलं नाही. तुम्ही असतात तर ओरडला असतात, आणि बाबा, मला ते हवं होतं.

हे पत्र कुठे पाठवणार? तुम्ही असतात तरी पाठवलं नसतं. चौकशीत मी सांगितलं, गडबडीत चौकट वाचायची राहिली. वाचली होती. फोन हाताशीच होता. डॉक्टर चिडतील म्हणून उचलला नाही.