पांढऱ्या ड्रेसची लढाई

१ मार्च, सकाळी
ॲडमिट झालो. साखर उतरली की उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू काढणार, डावा हिवाळ्यात. कोलेवा डॉक्टरीणबाईंनी बजावलं, गोड बंद, भांडण बंद. नाहीतर घरी पाठवीन, मग बसा चाचपडत. मला काय काळजी? माझ्याइतका शांत माणूस अख्ख्या बल्गेरियात नसेल.

मिंका सिस्टरने १ मार्चच्या रिवाजाप्रमाणे मनगटाला वसंत ऋतूच्या स्वागताचा लाल-पांढरा दोरा बांधला. पांढरा कसला, पिवळट. हल्ली सगळाच माल हलका.

१ मार्च, दुपारी
अनर्थ! नर्सना म्हणे आता वाटेल त्या रंगाचे कपडे घालायची परवानगी. एकीच्या अंगावर पोपट, दुसरीच्या अंगावर कलिंगडं. नर्स पांढऱ्यातच हवी. पांढरं दिसलं की पेशंट घाबरतो, घाबरला की बरा होतो. सैन्यात मी डोळ्यांनी पाहिलंय. या वॉर्डात पांढऱ्यात उरली एकटी मिंका. सगळ्यांत वाईट ती थोरली सिस्टर, रादका. ड्रेस पिवळ्या चीजच्या रंगाचा, वर मान ताठ.

संकल्प: पांढरा ड्रेस परत आणणार. शांततेने.

२ मार्च
शेजारच्या कॉटवर गांचो, रिटायर्ड खाटीक. म्हणाला, मरायचंच तर पोपट बघत मरू की, पांढरं काय, शवपेटीत मिळेलच. मी शांतपणे समजावलं. त्याने उशी फेकली. मी सोंगट्यांचा पट फेकला. त्याचा दात पडला. हलतच असणार. त्याने माझा कान पिरगाळला, मी त्याच्या दंडाला चावलो.

साखर वाढली. बायकोने आणलेल्या पाकातल्या बक्लाव्याने नाही, चारच तुकडे होते. गांचोने.

४ मार्च
रादकाला जाब विचारला. म्हटलं, बाई, या वयात असा ड्रेस घालायला लाज नाही वाटत?
भडकलीच. म्हणाली, आजोबा, तुम्हीपण या पोरींच्याच बाजूचे का? नर्स झाल्यापासून हाच घातलाय, मरेन पण हाच घालीन!
म्हणजे इतकी वर्षं पिवळं! कोणी अडवलं कसं नाही?

५ मार्च
रादका इंजेक्शन घेऊन आली. मी काठी उगारली, नुसती दाखवायला. तिच्या कोपरावर बसली. तिने स्टीलचा ट्रे माझ्या टाळक्यात हाणला. मी ट्रॉलीवरची आयोडीनची बाटली भिरकावली. नेम अचूक. गळ्यापासून गुडघ्यापर्यंत तपकिरी. काठी लागली तेव्हा रडली नव्हती, ड्रेस बघून रडली. गांचो मध्ये पडला, त्याला लाथ घातली. तो पलंगासकट आडवा. शेवटी मिंकाने मला गादीवर दाबून धरलं. आमच्या पक्षाची असून!

टाळक्याला टाके. कोलेवाबाई म्हणाल्या, सामान बांधा. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. आयोडीनची वाफ. तेवढ्यात रादका म्हणाली, राहू द्या हो म्हाताऱ्याला, त्याला दिसत नाहीये.
किती हा अपमान! पण राहिलो.

६ मार्च
विजय! रादका कलिंगडांच्या ड्रेसमध्ये. तिच्याकडे तसा दुसरा नव्हता, स्टोअरमध्येही आता मिळत नाही म्हणे. पिवळं तर संपवलं. यापुढे कलिंगडं.

८ मार्च
साखर उतरली. कान, गांचोला चावलेले दात, टाळकं, सगळं ठणकतंय, खाववत नाही. उद्या ऑपरेशन. भीती वाटत नाही. बायकोला तीनदा फोन केला, सहजच.

१० मार्च
उजव्या डोळ्याची पट्टी काढली. भिंत, चादर, सगळं भगभगीत. मनगटावरचा दोरा बघितला. लाल आणि बर्फासारखा पांढरा.

मिंका आली. आकाशी कपड्यांत. विचारलं, पांढरा कधी सोडलास? म्हणाली, मी कुठे घालत होते पांढरा? माझे पहिल्यापासून आकाशीच. पांढऱ्यावर डाग पडतात हो आजोबा.

गॅलरीत रादकाचा ड्रेस वाळत होता. आयोडीनचा डाग निघालेला नाही. उजवा डोळा झाकला. डागाभोवती पिवळा. उघडला. पांढरा. पुन्हा झाकला. पुन्हा उघडला.

गांचो पडलेल्या दाताच्या फटीतून शिट्टीसारखं बोलला, काय रे मारिन, वॉर्डात तुझ्या पक्षाची एकच होती. तिलाच आयोडीनने आंघोळ घातलीस!

त्याला हाणायला काठी शोधली. रादकाने उचलून हातात दिली. अंगभर कलिंगडं. म्हणाली, हिवाळ्यात डाव्या डोळ्यासाठी याल तेव्हा गोड कमी खा.

डावा राहू द्यावा म्हणतो.