पोस्टरवरचा नंबर

३ जून

ती. ताईस,
शि. सा. न. टाइपरायटरवर बोटांच्या भरवशाने लिहितोय. चुका आंधळ्याला दिसायच्या नाहीत, तू पोटात घाल. नोकरी लागली! अपंगांना काम द्या म्हणून मोहीम चाललीय, तिच्या कचेरीत. काम हवं असलेल्यांनी फोन करायचा, मी नावं टाइप करायची. अजून एकही आलेला नाही. टेबल मात्र छातीला लागतं, खाली लाकडी ठोकळे घातलेत. कशाला म्हणून विचारलं तर सगळे विषय बदलतात.
तुझा कमावता भाऊ

११ जून

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद. वाचून ऊर भरून आला. पण साहेब, कचेरीत झोपा काढता काय? आमच्या बसथांब्यावर तुमचं पोस्टर लागलंय. चाकाच्या खुर्चीतल्या एक बाई फोन कानाला लावून हसतायत, खाली नंबर. तुझी फिरकी घ्यावी म्हणून मंगळवारी दिवसभर फिरवला. घंटा वाजत राहिली, कोणी उचललाच नाही. जीव टांगणीला लागलाय. बरा आहेस ना?
तुझी ताई

१९ जून

ती. ताईस,
शि. सा. न. घरमालकिणीने तुझं पत्र वाचून दाखवलं आणि अंगावर काटा आला. मंगळवारी मी फोनजवळच होतो. तो वाजला नाही.
पत्र ऐकल्याच्या दुसऱ्या दिवशी फोनची वायर चाचपत गेलो. टोक टेबलाखाली गुंडाळून ठेवलेलं. शिपाईकाका कुजबुजले की घंटेने साहेबांचं डोकं उठतं, म्हणून पाहुणे येतात तेवढ्यापुरतीच जोडतात. ठोकळे पोस्टरवरच्या बाईंच्या खुर्चीसाठी होते, माझ्या आधी त्याच या टेबलाशी बसायच्या. त्या घंटेवरून भांडल्या आणि त्यांना काढलं. फोटो तेवढा ठेवला.
ताई, आता मला घरीसुद्धा घंटा ऐकू येते. कोण कोण फिरवत असेल? जोडली तर माझीही नोकरी जाईल. काय करू?
तुझा भाऊ

२६ जून

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद. नोकरीसाठी तू किती उंबरठे झिजवलेस ते मी पाहिलंय. जोड म्हणायला जीभ रेटत नाही. पण त्या दिवशी मीही रिसीव्हर कानाला लावून उभी होते रे. आता थांब्यावर त्या बाईंकडे बघवत नाही. माझ्याकडे एक खोली रिकामी आहे, एवढंच सांगते.
तुझी ताई

३ जुलै

ती. ताईस,
शि. सा. न. जोडली. हात काढायच्या आत घंटा वाजली. पलीकडे एक बाई होत्या. त्यांनी काम मागितलं नाही. रोज एकदा फिरवून बघते म्हणाल्या. मग टेबलाखालचे ठोकळे काढले का, ते विचारलं. मी नाही म्हटलं. त्यांनी फोन ठेवला.
लगेच पुन्हा वाजली, मग पुन्हा. साहेब डोक्याशी उभे राहून ओरडत होते. त्यांनी वायर उपटेपर्यंत मी नावं टाइप करत राहिलो.
लोभ आहेच. खोली झाडून ठेव.
तुझा भाऊ