पोकुआ आजीची बादली

सोमवार, ५ ऑगस्ट

पहिला दिवस. तिसऱ्या मजल्यावर इमारती तपासणाऱ्यांचं ऑफिस. दारातल्या मुलीने गिऱ्हाईक समजून पाणी दिलं, पंखा लावला. मी म्हटलं, मी इंटर्न. ती हसली. मग माझा कागद वाचला आणि पंखा तसाच राहू दिला — एवढं तरी!

अठ्ठेचाळिसाव्या वर्षी इंटर्न. पंचवीस वर्षं थापी धरली. मग तीन वर्षं संध्याकाळच्या वर्गाला बसलो. आता डिप्लोमाच्या आणि माझ्या मध्ये आठ आठवडे आणि एक वही उरली आहे. रोज काय केलं ते त्या वहीत लिहायचं आणि खाली इंजिनिअर आग्बेकोची सही घ्यायची. ही रोजनिशी वेगळी. हिच्यावर कोणाची सही नाही.

आग्बेको एकतीस वर्षांचा. पूर्वेकडच्या व्होल्टा प्रांतातला, आपल्या भागातला नाही. मला मामा म्हणतो. "मामांना खिडकीजवळची खुर्ची द्या." मी कुठला याचा मामा! माझे भाचे दोन, दोघांची नावं मला पाठ आहेत. इतका गोडवा कशासाठी? गोड बोलणाऱ्या मुकादमांनी मला दोनदा फसवलं आहे.

गुरुवार, ८ ऑगस्ट

मी खोलीत शिरलो की आग्बेको एक निळी फाईल मिटतो. एकदा असतं तर योगायोग म्हटलं असतं. आज तिसऱ्यांदा.

सोमवार, १२ ऑगस्ट

फाईलवरचं नाव वाचलं. अन्यिनासेचं चर्च. आमचं चर्च!

गॅलरीखाली भेगा पडल्यात, तपासून द्या, असं पत्र आमच्या पाळकांनीच पाठवलंय. मी चर्चचा पंच, आणि मला पत्ता नाही! आग्बेको म्हणाला, "मामा, तुमच्याच गावचं ना? तुम्हाला या कामातून बाजूला ठेवू का?" मी चटकन नको म्हटलं. तो थोडा वेळ पेन फिरवत राहिला. "बरं. पण जे ऐकाल ते मनाला लावून घ्यायचं नाही." काय ऐकायचंय मला?

ते चर्च मी बांधलं, हे मात्र त्याला सांगितलं नाही. सगळे पत्ते उघडे कशाला करायचे?

सव्वीस वर्षांचा होतो तेव्हा. मुख्य गवंडी म्हणून पहिलंच काम. कॉलम आम्ही चौघांनी मिळून एकेक करत ओतले. गॅलरी मात्र एका दिवसात ओतायची होती, म्हणून शनिवारी सगळं गाव आलं. पुरुष फावडी घेऊन, तरणी पोरं घमेली घेऊन. त्या वर्षी गावातली विहीर आटली होती, म्हणून बायकांनी खालच्या ओढ्यावरून डोक्यावर पाणी आणलं. प्रत्येक घरची एक बादली. रांग पार शाळेपर्यंत! पिंप केव्हाच भरलं, पण रांग संपेना. त्यांना परत कसं पाठवणार? पोकुआ आजी सगळ्यांत शेवटी आली. तेव्हाही म्हातारीच. बादली हातात धरून म्हणाली, "माझं पाणी बाहेर ओतू नकोस हं. देवाच्या घरात जाऊ दे." मी कोणाचीच बादली परत पाठवली नाही. माल दह्यासारखा वाहत होता, सळयांच्या आडोशाला आपोआप शिरत होता. फळ्या काढल्या तेव्हा गॅलरीचं पोट आरशासारखं गुळगुळीत निघालं. लोक हात लावून बघत होते.

आयुष्यात तेवढा एक दिवस मी देवाला न घाबरता दाखवू शकेन.

बुधवार, १४ ऑगस्ट

गावी गेलो, तपासणीला. आग्बेको, मी आणि इसाका. इसाका ड्रिल चालवतो, उत्तरेकडचा, माझ्याच वयाचा. ट्रोट्रोच्या खच्चून भरलेल्या व्हॅनमध्ये माझ्या मांडीवर हातोड्यांची पेटी ठेवून म्हणाला, "तुझ्या वयात माणसं नातवंडं मोजतात रे, तू भेगा मोजायला निघालास!"

"आणि तू काय मोजतोस?"

"मी भोकं पाडतो. मोजायचं काम शिकलेल्यांचं."

भेगा आहेत. खोटं कशाला लिहू? बीमच्या पोटाशी, लांब, आणि कडेने गंजाचे तांबूस ओघळ. पण बावीस वर्षांच्या म्हाताऱ्या घराला सुरकुत्या पडणारच. आग्बेको हातोडीने ठोकत फिरला. बद्द आवाज आला तो मीही ऐकला. उन्हातला आणि सावलीतला आवाज वेगळा असतो, हे त्याला कुठून माहीत असणार?

परत निघताना पाळक त्याला आतल्या खोलीत घेऊन गेले. दार लोटलेलं. बाहेर आला तेव्हा बगलेत तपकिरी पाकीट. मला बघून ते निळ्या फाईलीत सरकवलं.

पाळकांनी माझ्याकडे बघितलं नाही.

शुक्रवार, १६ ऑगस्ट

इसाकाने मक्याच्या आंबवलेल्या पिठाचं केंके खाता खाता सहज सांगितलं, आग्बेकोचा मेहुणा इमारती पाडण्याची कंत्राटं घेतो. सहज! आणि दुपारी मी बाहेरच्या पायरीवर असताना आग्बेको फोनवर बोलत होता — "हो, पाळकसाहेब. समोरच बसतो माझ्या. नाही नाही, त्याला काही कळलेलं नाही."

जुळलं सगळं. गॅलरी कुचकामी ठरवायची, मेहुण्याने पाडायची, नवी बांधायची. पाकिटात काय असणार ते शेंबडं पोरही सांगेल.

सकाळच्या प्रार्थनेत आग्बेकोचं नाव आलं, ते गाळून पुढच्या नावावर गेलो. संशय ओलीसारखा असतो. वरून कितीही रंग मारा, डाग पुन्हा वर येतो.

रविवार, १८ ऑगस्ट

उपासनेनंतर पंचांची बैठक. पाळक म्हणाले, अहवाल येईपर्यंत गॅलरी बंद ठेवू. एक तारखेला कापणीचा सण. त्या दिवशी आजूबाजूच्या सात गावांची माणसं येतात, गॅलरीत मुंगीला जागा नसते. सगळे माझ्याकडे बघायला लागले — हा त्या ऑफिसात बसतो, याला आतलं माहीत असणार.

मी उभा राहिलो. "मला यात डाव दिसतोय. माझा शब्द येईपर्यंत कुलूप लावू नका."

कुलूप लागलं नाही. पाळक माझ्याकडे नुसते बघत राहिले. चोर सापडला की असाच बघतो, असं तेव्हा वाटलं.

घरी माझी बायको सेरवा म्हणाली, "आणि इंजिनिअर खरा निघाला तर?"

"तू त्याला बघितलेलं नाहीस."

"त्याला नाही बघितलं. तुम्हाला बघतेय, गवंडीबुवा! दोन आठवडे झाले, सूप कसं झालंय ते सांगितलं नाहीत."

बुधवार, २१ ऑगस्ट

आज नमुने काढले. इसाकाच्या ड्रिलमधून काँक्रीटचे गोल तुकडे निघतात, मनगटाएवढे. तीन कॉलममधून, तीन गॅलरीतून. कॉलमला ड्रिल किंचाळत होतं. गॅलरीत मात्र गप्प आत गेलं. "लोण्यात सुरी!" इसाका म्हणाला आणि माझा चेहरा बघून पुढचं गिळलं.

वाटेत अदलाबदल व्हायला नको. कोणाचं लक्ष नाही असं बघून सहाही तुकड्यांवर खिळ्याने बारीक क्रूस कोरला. मागून इसाका — "मामा, केंक्यावर नाव कोरतोयस का? कोणी पळवणार नाही तुझं!" तोही आता मला मामा म्हणायला लागला. माझीच चेष्टा.

गुरुवार, २२ ऑगस्ट

प्रार्थना अर्धवट सोडली. पहिल्यांदाच.

बुधवार, २८ ऑगस्ट

नमुने दाबयंत्रात घातले. ताकदीचा आकडा पंचवीसच्या आसपास हवा.

कॉलम — सव्वीस, चोवीस, सत्तावीस.

गॅलरी — नऊ, आठ, अकरा.

आधी खूण शोधली. क्रूस होता, सहाही तुकड्यांवर. माझ्याच हातचा, एक फाटा लांब. अदलाबदल झालेली नाही.

मग यंत्रात काही केलं असेल? पण यंत्र तेच, आणि कॉलम त्याच यंत्रात खरे उतरले. की माझ्या कॉलमांना मुद्दाम चांगले आकडे दिले, नंतर कोणाला शंका येऊ नये म्हणून? इथवर लिहिलं आणि थांबलो. माणूस इतका पुढचा विचार करतो? मी करतोय खरा.

फुटलेला एक तुकडा खिशात घालून घरी आणला. सेरवाने बोटांत धरून दाबला, कोपरा गळून पडला. "हे तुमच्या गॅलरीचं? शिळा पाव बरा!"

शुक्रवार, ३० ऑगस्ट

आग्बेकोने खोलीत बोलावलं. दार लावलं. म्हटलं आली वेळ — आता मलाही पाकीट दाखवणार. मनात वाक्य तयार ठेवलं होतं.

त्याने टेबलावर तुकडा ठेवला आणि भिंग माझ्या हातात दिलं. "काय दिसतं, मामा?"

भोकं. बारीक बारीक, सुईने टोचल्यासारखी. शेकड्यांनी.

"सिमेंट चोरलेलं नाही," तो म्हणाला. "सळयाही पुऱ्या आहेत. ज्याने ओतलं तो प्रामाणिक माणूस होता." मग तुकड्यावरच्या भोकांवर बोट ठेवलं. "फक्त पाणी. फार पाणी घातलं. माल सुकतो तसं जास्तीचं पाणी निघून जातं, त्याची जागा रिकामी राहते. त्या जागेतून ओल शिरली आणि सळया गंजल्या. इतकी वर्षं सळयांनीच तोललं. आता त्यांच्यात दम नाही."

"पण माल दह्यासारखा होता! पोट आरशासारखं निघालं होतं!"

तोंडातून निघून गेलं. तोपर्यंत मी ते बांधलं हे त्याला सांगितलेलं नव्हतं. पण तो चमकला नाही. "तसंच निघतं, मामा," एवढंच म्हणाला.

मी भिंग पुन्हा डोळ्याला लावलं. रिकाम्या जागा. हे भोक खालच्या आळीचं, हे शाळेजवळच्या घराचं. रांग पार शाळेपर्यंत होती. पंचवीस वर्षांत मी मालात पाणी किती घालावं ते बोटांनी ओळखत आलो. त्या एकाच दिवशी बोटांचं ऐकलं नाही. माणसांचं ऐकलं.

आणि बारा दिवसांपूर्वी मीच उभा राहून सांगितलं, कुलूप लावू नका! परवा सण.

शनिवार, ३१ ऑगस्ट

पहिल्या ट्रोट्रोने गावी. बाजारातून कुलूप घेतलं, गॅलरीच्या जिन्याला स्वतः लावलं. गेल्या रविवारी भजनी पोरं तिथे ताल धरून नाचली होती, ते आठवलं. किल्ली दोनदा खाली पडली.

पंच जमले. "अरे, परवा तर डाव म्हणत होतास!"

"चुकलो."

"कशात चुकलास?"

"इंजिनिअर खरं बोलतोय."

एवढंच सांगितलं. बाकीचं सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात पोकुआ आजी काठी टेकत आली. कुलूप हातात घेऊन ओढून बघितलं. "ओबेद, हे काढ. त्यात माझं पाणी आहे. माझं पाणी असलेली गॅलरी पडेलच कशी?"

लोक हसले. कोणी म्हणालं, "आजी, तुझ्या पाण्यावर तर सगळं चर्च उभं आहे!"

हिला काय सांगू — आजी, तुझंच पाणी?

तिचं नव्हे. तिने फक्त आणलं. आत ओतणारा मी होतो. पण हेही तिथे म्हणवलं नाही.

रविवार, १ सप्टेंबर

सण झाला. वर कोणी नव्हतं. अर्धी माणसं अंगणात मांडवाखाली बसली. रताळी, केळीचे घड, कोंबड्या, सगळं अर्पण झालं. मी टोपलीत काय ठेवलं ते आठवत नाही. सारखा वर बघत होतो. पाळक दारात भेटले, माझा हात दोन्ही हातांत धरला. डोळ्यांत राग नव्हता. चोराचे डोळे असे नसतात.

मग ते पाकीट कसलं?

सोमवार, २ सप्टेंबर

आग्बेकोने निळी फाईल दिली, अहवाल छापून आणायला. आत कारणाच्या रकान्यात लिहिलेलं — बांधकामाच्या वेळच्या नोंदी मिळाल्या नाहीत. मागे ते तपकिरी पाकीट. उघडंच होतं.

त्यात एक फोटो. मालाच्या ढिगाजवळ सव्वीस वर्षांचा मी, हसतोय, हातात पोकुआ आजीची बादली तिरकी, पाणी अर्धं हवेत. मागे रांग. पाठीवर पाळकांचं अक्षर — 'हे फक्त तुमच्या माहितीसाठी. त्याचं नाव अहवालात येऊ नये. भला माणूस आहे, शिकतोय.' तारीख चौदा ऑगस्ट.

कारणाची ओळ खोडली. फोटो चिकटवला. खाली लिहिलं — 'पाणी मर्यादेबाहेर घातले. घालणारा : मुख्य गवंडी ओबेद अदार्क्वा. रांगेतल्या कोणाचाही दोष नाही.' पुढच्या रविवारी हेच पोकुआ आजीसमोर वाचायचं आहे.

आग्बेकोने वाचलं. पेनाचं टोपण काढून पुन्हा लावलं. "मामा, हे कॉलेजात गेलं तर तुमचा डिप्लोमा..."

म्हटलं, "सही कर, भाच्या."