पानमळ्यातली मोकळी दुपार

ता. १२ ऑगस्ट १९३८, शुक्र. जळगाव.
पीकरोग परिषदेचा पहिला दिवस. चार निबंध, त्यांतले तीन ऐकू आले नाहीत. उद्या सकाळी मी: पानवेलीची मूळकूज. चाळीसगावकडून आणलेल्या सडक्या वेली ओल्या पोत्यात ठेवल्यात, खोलीभर वास. उद्या दुपारी मोकळीक, पाहुण्यांना सहल. पुरुषमंडळी पिंप्राळ्याच्या पुढे नाना म्हणून एक बागाईतदार आहेत, त्यांचा पानमळा बघणार. 'भगिनीवर्गा'ला पद्मालयाचा गणपती. भगिनीवर्ग म्हणजे तीन साहेबांच्या बायका आणि मी. बी.एस्सी. होऊन शेवटी गणपतीच.

ता. १३, शनि.
पहाटे कावळा शिवला. आजचाच मुहूर्त सापडला त्याला.

निबंध बरा झाला. सडकी मुळं हातात धरून सगळ्यांना दाखवली. पुसायला काही नव्हतं, पदराला हात पुसले. आई असती तर...

मग आमच्या प्रयोगशाळेच्या साहेबांना म्हटलं, मी मळ्यातच येते, कामाचं आहे. खरं कारण, अशी देवळात कशी जाऊ? आणि म्हणे माझा विश्वास नाही.

फाटकावर जोडे काढायचे. नानांच्या आई, अक्का, तांब्या घेऊन उभ्या. एकेकाच्या पायांवर पाणी. अध्यक्षांना बुटाची नाडी सुटेना, ते टांग्यातच बसून राहिले. माझी पाळी आली तशा अक्का जवळ सरकल्या. हळूच, "बाई, बठ्ठं ठीक शे ना? अडचणनी बाई मयामा गयी की येल जयी जातस." अडचणीची बाई मळ्यात गेली की वेली जळतात, हे मला ठाऊक नव्हतं. मागे सगळे पुरुष धोतरं, पाटलोणी वर धरून रांगेत. म्हटलं, सगळं ठीक आहे.

आत गारवा, हिरवा अंधार. इतक्या निरोगी वेली मी पाहिल्याच नव्हत्या, माझ्याकडे येतात त्या मेलेल्या. फाटकाजवळच्याच वाफ्यात रमले. पानं पदराने पुसून पुसून भिंगाखाली धरली. बाहेर नानांची सून गोदा विडे लावत होती. मी एकटीच बाई म्हणून हसून म्हणाली, "शिकेल बाईले बठ्ठं माफ." विड्यांनी सगळ्यांची तोंडं भरली, भाषणं बंद. फार छान दुपार.

ता. १५, सोम. धुळे.
पुन्हा प्रयोगशाळा. पदरावरचे डाग निघाले नाहीत.

ता. ३०, मंगळ.
नाना आले. केळीच्या पानात गुंडाळलेली वेल. सोडायच्या आधीच वास ओळखला. फाटकाजवळचा वाफा गेला, पुढचा पिवळा पडतोय. नाना खुर्चीवर बसेनात. "सूनले माहेरले धाडी दिधं," म्हणाले. "ती नही म्हनस. पन कोनी तरी मयामा गयंच ना?"

मी चहा मागवला. त्यांनी तो घेतलाही नाही.

ता. २ सप्टें., शुक्र.
भिंगाखाली तीच बुरशी, माझ्या पोत्यातली. साहेबांना विचारलं, ओल्या कापडावरून जाते का?
"जाते. पावसाळ्यात पाटाच्या पाण्यानेही जाते. का हो?"
सहज, म्हटलं.

म्हणजे माझा पदर. किंवा पाटाचं पाणी. अक्कांनी पाय धुतले, पदर कोण धुणार? गोदेचा संबंधच नाही. तिची चूक एकच, ती त्या घरची सून.

पण सांगू काय? बुरशी म्हटलं तर नाना मान डोलावतील आणि गोदा माहेरीच राहील. मीच तशी आत गेले होते म्हटलं तर ती दुसऱ्या दिवशी घरी येईल. पण मग अक्कांचं म्हणणं मीच खरं करून दिलं. शिकलेल्या बाईने मळा जाळला, हे तालुकाभर. मला पुढे कुठल्या मळ्यात घेणार? साहेब तरी का ठेवतील?

आणि एक गोष्ट लिहायची लाज वाटते. अधूनमधून वाटतं, खरंच तर नसेल? कसं शक्य आहे. तरी.

ता. ६, मंगळ.
नानांकडचा गडी बुरशीवर मारायचं मोरचूद न्यायला आला होता. गोदेचं विचारलं. आली नाही. तिचा भाऊ पोचवायला आला तर नानांनी फाटकावरूनच परत पाठवलं. लहान पोर अक्कांकडे ठेवून गेलीय, ते रडतं. पोराचं मला माहीतच नव्हतं.

आज जेवले नाही.

ता. ९, शुक्र.
साहेबांचा हुकूम: उद्या जाऊन मोरचूद-चुन्याचं पाणी कसं मारायचं ते दाखवून या. "तुमचाच विषय," म्हणाले.

ता. १०, शनि.
भिंग, चुना, धुवट पातळ. सगळं बांधून झालं आणि कावळा हजर. हसावं की रडावं.

अक्का तांब्या घेऊन उभ्या असतील, कडेवर ते पोर. हळूच विचारतील. या खेपेला ठीक नाही म्हणेन, एवढं ठरलंय. फाटकाबाहेर थांबेन, नानांना तिथूनच सांगेन, हे मारा, असं मारा.

मग अक्का बोटांवर चार आठवडे मोजतील आणि मागच्या वेळचं विचारतील.