अण्णांचा जुना कॅट

प्रिय ताई,

वाकून नमस्कार (कंबर धरली आहे, त्यामुळे अर्धाच झाला असं समज, उरलेला प्रत्यक्ष भेटीत). तुझे गुडघे काय म्हणतात? भावोजींचा खोकला गेला की अजून मुक्कामाला आहे? इकडे सगळे धडधाकट आहेत, वेळेवर जेवतात, वेळेवर झोपतात आणि माझ्याशी कुणी धड बोलत नाही. का बोलत नाही ते तुला दुसऱ्या कुणाकडून तिखटमीठ लावून कळण्याआधी मीच लिहितो.

कारण एकच, आपल्या घरातले रविवार दुपारचे खेळ. कुटुंबाने एकत्र बसून खेळावं, त्याने म्हणे माया वाढते! असं म्हणणाऱ्याला एकदा आमच्या टेबलाशी आणून बसवायला हवा. सापशिडी घे. जगात ज्याला अजिबात अक्कल लागत नाही असा तो एक खेळ, आणि तो जिंकल्यावर आमची सौ. कपाळावर बोट ठेवून म्हणते, डोकं लागतं हो. कॅरमची एक काळी सोंगटी हरवली, तिच्या जागी माझ्या कोटाचं बटण फिरतंय (कोट अजून तसाच, उघडाबोडका). ल्यूडोचा फासा कपाटाखाली गेला की तिथे पडलेला आकडा खरा धरायचा. वाकून बघणार कोण, तर हिचा भाऊ. वर येऊन सांगणारही तोच. ताई, हा गृहस्थ सरकारात वजनमापं तपासायच्या नोकरीला आहे! दुकानदाराचा काटा केसभर हलला तरी दंड ठोकतो, आणि आमच्या कपाटाखाली त्याला जन्मात सहाशिवाय दुसरा आकडा दिसलेला नाही.

पण या सगळ्यांवर कडी म्हणजे अण्णांचा पत्त्यांचा कॅट. तोच, तुझ्या लग्नाआधीचा. कडा फाटलेल्या, कोपरे दुमडलेले, काहींना चिकटपट्टी, काहींना मेणाचे ठिपके. चौकटचा गुलाम हरवला तर त्याच्या जागी औषधाच्या खोक्याचा तुकडा कापून घातलाय. पिसायला घ्यावा तर चार-चार पत्ते एकमेकांना मिठी मारून उठतात. मी प्रत्येक डावानंतर साबणाने हात धुतो, आणि त्याबद्दलही टोमणे खातो. त्यात भर हाकांची. पत्ता टाकताना त्याचं नाव मोठ्याने पुकारायचं! किल्वर नव्वी! बदाम राणी! आपल्या लहानपणी हा प्रकार नव्हता. गेल्या दोनचार वर्षांत कुठून शिरला देव जाणे. सौ. ओरडते, कन्या ओरडते, मेहुणा तर असा ओरडतो की शेजाऱ्यांना घरात लिलाव चाललाय असं वाटावं. अरे, पत्ता समोर पडलाय, देवाने डोळे दिलेत, बघा की! मी चष्मे विकून पोट भरणारा माणूस, आणि माझ्याच घरात लोक पत्ते कानांनी खेळतात.

आणि जिंकतं कोण? अण्णा. दर रविवारी. रमीत त्यांना हरवणारं या घरात एकच माणूस झालं, ते म्हणजे तू, आणि तू गेलीस सासरी. मी चष्म्याचं नाव काढलं की ते हेच पुढे करायचे, मला दिसत नसतं तर जिंकलो असतो का रे? बिनतोड! तरी मी एकदा त्यांना दुकानात बसवून तपासलंच. भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता त्यांनी वरपासून खालपर्यंत घडाघडा म्हणून दाखवला. तळाची बारीक ओळ, जी मलाही चष्म्याशिवाय लागत नाही, तीसुद्धा. मी गल्लीभर सांगत सुटलो की आमच्या अण्णांची नजर पाहा.

तर गेल्या रविवारी मी सुधारणा करायचं ठरवलं. नवाकोरा कॅट आणला. चकचकीत, धुतला तरी चालेल असा. जुना उचलून स्वयंपाकघरातल्या कचऱ्याच्या डब्यात टाकला, खुर्च्या उजेडाकडे सरकवल्या आणि जाहीर केलं की आजपासून शिकल्यासवरल्या माणसांसारखं तोंड मिटून खेळायचं. ओरडेल त्याचा डाव बाद. सौ.ने टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला. मला वाटलं, चुकून. मेहुणा म्हणाला, आज सापशिडी खेळू. कन्येला एकदम अभ्यास आठवला (तिला! रविवारी!). मी म्हटलं, बसा गुपचूप सगळे.

अण्णांनी पत्ते हातात घेतले आणि बराच वेळ त्यांच्या कोपऱ्यांवरून अंगठा फिरवत राहिले. मग म्हणाले, कसले रे हे पत्ते, सगळे एकसारखे! मी हसलो, ताई. म्हटलं, पाठीकडून एकसारखेच असायचे असतात, अण्णा. डाव सुरू झाला. कधी नव्हे ती शांतता. अण्णा प्रत्येक पत्त्याला कान पुढे करायचे, आणि मी खूश, की बघा, जुनी खोड मोडतेय. शेवटी त्यांनी ‘झालं!’ म्हणून पत्ते मांडले. सत्ती, अठ्ठी, नव्वी ओळीत, पण दोन बदामांच्या मध्ये एक चौकट. दोन राजांच्या शेजारी एक गुलाम मिशा पिळत उभा. सौ. लगेच म्हणाली, वा अण्णा, जिंकलात! मेहुणा म्हणाला, अगदी चोख! कन्या तर पत्ते गोळा करायलाही लागली. आणि मी, त्या टेबलावरचा एकमेव प्रामाणिक माणूस, तिचा हात धरून म्हणालो, थांबा, कसलं झालं? ही चौकट आहे, आणि हा गुलाम आहे!

अण्णांनी तो गुलाम उचलला, डोळ्यांशी नेला, अंगठ्याने चाचपला आणि खाली ठेवला. पत्ते वाईट निघाले तुझे, एवढंच म्हणाले. उठले, आणि मी सरकवलेल्या खुर्चीला धडकून आत गेले.

मग सगळे माझ्यावर तुटून पडले. सगळ्यांना माहीत होतं! अण्णा अंगठ्याने पत्ते ओळखतात, फाटक्या कडेवरून, दुमडलेल्या कोपऱ्यावरून, मेणाच्या ठिपक्यावरून. टाकलेला पत्ता त्यांना कळावा म्हणून हाका सौ.ने सुरू केल्या, आणि बाकीच्यांनी काही न विचारता उचलल्या. तक्ता त्यांना पाठ होता; वर्षानुवर्षं रोज दुपारी दुकानात त्याच्याचसमोर खुर्ची टाकून बसतात ना. म्हणजे घरात चष्म्याचं दुकान माझं, आणि घरात काय चाललंय ते मला सोडून सगळ्यांना दिसत होतं. मला का नाही सांगितलं, तर सौ. म्हणते, सांगितलं असतं तर तुम्ही त्याच दिवशी त्यांना उचलून दवाखान्यात नेलं असतं. अगं, म्हणजे काय, नेलंच असतं! तेच करायचं असतं! पण म्हणे अण्णांनी सगळ्यांकडून शब्द घेतला होता. डोळ्याला सुरी लागणार या नुसत्या विचाराने त्यांचे हातपाय गार पडतात. काय ही माणसं! राग आला, ताई, खूप आला, आणि मग दुकानात एकटा बसून रडूही आलं.

संध्याकाळी बॅटरी घेऊन अण्णांच्या डोळ्यांत पाहिलं. दोन्हीकडे पिकत आलेला मोतीबिंदू, दुधाळ. आम्ही रोज सकाळी समोरासमोर बसून चहा पितो (मी वर्तमानपत्रामागे). छोटं ऑपरेशन आहे, पण आणखी थांबलं तर अवघड होत जाईल, हे मी त्यांना परोपरीने सांगितलं. अण्णा म्हणाले, माझ्या पत्त्यांनी मला हरव, मग ने कुठे न्यायचं तिथे. तेव्हा सौ.ने कपाटातून जुना कॅट काढला. तिने तो कचऱ्यातून उचलून पुसून ठेवला होता.

तेव्हापासून रोज संध्याकाळी खेळतोय आणि रोज हरतोय. माझ्याशी धड बोलत नसले तरी डावात सौ., मेहुणा, कन्या, सगळे आता माझ्या बाजूने आहेत, तरीही हरतोय. अण्णा दुसऱ्यांच्या हातातल्या पत्त्यांच्या पाठीवरच्या खुणा पाहत नाहीत, त्यांना त्या दिसतच नाहीत, पण कुणी काय टाकलं, कुणी काय उचललं ते सगळं डोक्यात. पत्ता टाकताना मी ओरडतोही. खरं सांगायचं तर सगळ्यांत मोठ्याने मीच ओरडतो.

असो. भावोजींना सांगावं, गरम पाणी प्या. मुलांना आशीर्वाद.

तुझा,
शहाणा धाकटा

ता. क. फसवून जिंकणाऱ्यांबद्दल माझं मत काय आहे ते वर लिहिलंच आहे, त्यात बदल नाही. पण इस्पिकच्या राणीचा कुठला कोपरा दुमडलाय? दश्श्या कशा ओळखायच्या? मेणाचे ठिपके राजांवर की एक्क्यांवर? तू लहानपणी जिंकायचीस ती काही अकलेच्या जोरावर नाही, निम्म्या खुणा तुझ्या नखांच्या आहेत, हे मला तेव्हाही माहीत होतं. सगळ्या खुणा उलटटपाली कळव. सौ.ला कळू देऊ नकोस.

ता. क. दुसरा. पाकीट बंद करणार तेवढ्यात अण्णा येऊन बसले. कुणाला लिहितोस? ताईला, म्हटलं. आण, वाचू दे, म्हणाले. लिहिलेला कागद द्यायची छाती झाली नाही, म्हणून खालचा कोरा दिला. खिडकीशी धरून, मान डोलवत, त्यांनी तो शेवटपर्यंत वाचला. म्हणाले, अक्षर सुधारलं हं तुझं, आणि मी ठणठणीत आहे हे लिहिलंस ते बरं केलंस.

खुणा कळवू नकोस, ताई. मला त्या शिकायला वेळ लागेल. तूच ये, आणि हरव त्यांना.