साईच्या मडक्यावरचं पान

प्रिय मार्जरी,

आधी खुर्चीत नीट बस आणि मगच वाच. शेवटचं पान सापडलं! आपल्या त्या जुन्या पोवाड्यांच्या पुस्तकाचं, ज्याची जगात दुसरी प्रत नाही, ज्याच्या पानासाठी मी एडिंबरापासून पॅरिसपर्यंतचे सगळे जुने पुस्तकवाले पालथे घातले, ते पान माझ्याच जमिनीवर, माझ्याच कुळाच्या घरात होतं!

कोर्टाला सुट्टी म्हणून टेव्हियट नदीच्या काठी आपल्या गावी गेलो होतो. बेथिया क्रॅन्स्टन छपराची तक्रार घेऊन कधीची मागे लागली होती, म्हणून तिच्याकडे गेलो. ती वर बोट दाखवून भांडतेय आणि माझे डोळे साईच्या मडक्यावर खिळलेले. त्यावर झाकण म्हणून छापील कागद! तीच जाड काळी अक्षरं! बेथिया म्हणाली, "न्यायाधीशसाहेब, गळतंय ते वर. मडक्यात काय बघताय?"

मी पान मागितलं. तर म्हणते कशी, "न्या की. पण साय झाकू कशानं? मांजर काय तुमचा हुद्दा बघून थांबणार आहे?" मी डोक्यावरची हॅट काढली आणि मडक्यावर पालथी घातली. बाई पोट धरधरून हसली. छप्पर शाकारायला त्याच दिवशी माणसं धाडली, नाहीतर तिनं मला गावात तोंड दाखवू दिलं नसतं. गारांच्या पावसात उघड्या डोक्याने, पान छातीशी धरून घरी आलो. घर सांभाळणारी गिर्झी दारातच कडाडली, "या वयात काय मेंढरं राखायला गेला होतात?" आता शिंका देतोय, पण खुशीत आहे.

पान पुस्तकात तंतोतंत बसलं. आता ते नव्याने छापायचं. एडिंबराला परतलो, तर इथले सगळे छापखानेवाले दारात उभे आहेत. मी सगळ्यांना नाही म्हटलं.

तू निनियनशी लग्न केलंस तेव्हा आपलं बोलणं थांबलं, ते थांबलंच. पण त्याने छापलेलं प्रत्येक पुस्तक मी ग्लासगोहून मागवतो. असा ठसठशीत टाइप, असे मोकळे समास या शहरात कुणाला जमत नाहीत. हे पुस्तक त्यानेच छापावं. टपालावर माझा भरवसा नाही, म्हणून सोमवारच्या गाडीने ते घेऊन मी स्वतःच येतोय. निनियनला सांग, सासऱ्याला दार उघडणं जड जात असेल, तर गिऱ्हाईक समजून उघड.

तुझाच,
बाबा